साथ लपवणे नियमबाह्य, मग साथ कळवणाऱ्याला शिक्षा का? देशादेशांच्या कायदेशीर कर्तव्यांविषयी चर्चा

रंगावलीकाठ

२००६ च्या फेब्रुवारीत भारतातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापुरात सापडला, हे इथल्या जुन्या सभासदांना आठवत असेल. कोंबड्या मरू लागल्या तेव्हा सुरुवातीला सगळ्यांनी ती नेहमीची मानमोडी धरली होती. पुढे भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१ विषाणूवर शिक्कामोर्तब केले आणि तालुक्यातल्या लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. माणसांमध्ये एकही लागण सिद्ध झाली नाही. भारताने रीतसर जगाला कळवले आणि त्याबरोबर अनेक देशांनी भारतीय कोंबडी आणि अंडी घेणे बंद केले. त्यात दूर तमिळनाडूतल्या नामक्कलची अंडीही अडकली, ज्यांचा नवापूरशी काडीचा संबंध नव्हता.

असेच २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे झाले. तिथल्या शास्त्रज्ञांनी २४ नोव्हेंबरला कोविडचा नवा प्रकार जागतिक आरोग्य संघटनेला कळवला, ज्याला पुढे ओमिक्रॉन नाव मिळाले. दोनच दिवसांत ब्रिटन, युरोपीय संघ आणि अमेरिका यांनी त्या देशावर आणि त्याच्या शेजाऱ्यांवर प्रवासबंदी जाहीर केली. हाच प्रकार नेदरलँड्समध्ये त्याआधीच घेतलेल्या नमुन्यांत होता, हे काही दिवसांनी उघड झाले, पण तोपर्यंत शिक्षा भलत्यालाच होऊन गेली होती.

माझा प्रश्न असा आहे की, जागतिक साथीच्या काळात एका देशाचे दुसऱ्या देशाप्रती कायद्याने बांधलेले कर्तव्य नेमके कोणते? आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला कायदा काही संरक्षण देतो, की ते सारे इतर देशांच्या मर्जीवर सोडलेले आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

पांझराकाठचा वकील

धागा चांगला आहे. मी आंतरराष्ट्रीय कायद्याची वकिली करत नाही, धुळ्याच्या न्यायालयात जमिनीचे दावे चालवतो, परंतु हा विषय वाचनात आहे.

या क्षेत्रातला मुख्य दस्तऐवज म्हणजे २००५ ची आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली. ती जून २००७ पासून लागू आहे आणि १९६ देशांवर बंधनकारक होती. २००३ च्या सार्स साथीत चीनने माहिती उशिरा दिल्याचा अनुभव तिच्या पाठीशी आहे. तिच्याखाली आपल्या हद्दीतल्या संशयास्पद घटनेचे ४८ तासांत मूल्यमापन करायचे आणि ती जागतिक धोक्याची ठरू शकते असे दिसले की २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचे, असा दंडक आहे. संघटनेला दुसरीकडून कुणकुण लागली आणि तिने विचारणा केली, तरीही २४ तासांत प्राथमिक उत्तर द्यावे लागते.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. नियमावलीचे कलम ४३ सांगते की, संघटनेच्या शिफारशींपलीकडे जाऊन एखादा देश प्रवाशांना किंवा मालाला २४ तासांहून अधिक अडवणार असेल, तर त्याने तसे पाऊल उचलल्यापासून ४८ तासांत त्याचे शास्त्रीय कारण संघटनेला कळवावे, आणि तेवढ्याच संरक्षणासाठी कमी जाचक उपाय उपलब्ध असतील तर ते वापरावेत. म्हणजे कळवणाऱ्याला छळू नये ही अपेक्षा कायद्यात लिहिलेली आहे. गोम इतकीच की ती मोडली तर पुढे काय, याचे उत्तर फार पातळ आहे. कलम ५६ नुसार आधी आपसांत बोलणी, मग महासंचालकांकडे तक्रार, आणि लवाद फक्त दोन्ही देश राजी असतील तर. प्रतिवादीने संमती दिली तरच खटला चालेल अशी सोय धुळ्यात असती तर माझे निम्मे अशील घरीच बसले असते.

परस्परांना मदत करण्याचे कलम ४४ तर याहून सैल आहे. तिथे कर्तव्य आहे, पण प्रत्येकाने आपल्याला जमेल तितके करावे, एवढेच.

तिरकस

थोडक्यात, चोरी कळवणे सक्तीचे, आणि कळवणाऱ्याच्या घरावर जप्ती आणणे ऐच्छिक.

उधन्याचा खान्देशी

वकीलसाहेब, कलमे वाचून १९९४ चे सुरत डोळ्यांपुढे आले. आम्ही मूळचे शिंदखेड्याकडचे, वडील मागावर कामाला म्हणून उधन्यात स्थायिक झालो. सप्टेंबरच्या त्या आठवड्यात फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली आणि ताप्ती व्हॅलीच्या गाड्यांना पाय ठेवायला जागा उरली नाही. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर अशी प्रत्येक स्टेशनात माणसे उतरत होती आणि गावात शिरताना त्यांच्याकडे संशयाने पाहिले जात होते. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या औषधांच्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या होत्या.

मृत्यू साऱ्या देशात मिळून पन्नासच्या आसपास झाले. तरीही आखाती देशांनी विमाने बंद केली, काहींनी भारतातून येणारा माल अडवला, आणि भारताचे झालेले नुकसान अब्जावधी डॉलरमध्ये मोजले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने प्रवासबंदीची शिफारस केलेली नव्हती. तेव्हा कोणती नियमावली होती, आणि तिच्याखाली हे सारे चालत होते का?

पांझराकाठचा वकील

@उधन्याचा खान्देशी, तेव्हा १९६९ ची नियमावली लागू होती. त्या काळापर्यंत ती फक्त कॉलरा, प्लेग आणि पीतज्वर या तीनच रोगांपुरती उरली होती, आणि प्लेग त्यात असूनही तिचा उपयोग झाला नाही, कारण त्या नियमावलीने घातलेल्या मर्यादेपलीकडे उपाय करू नयेत ही तरतूद बहुतेकांनी धाब्यावर बसवली. १९९१ मध्ये कॉलरा कळवल्यावर पेरू देशाच्या मासळीचेही असेच हाल झाले होते. नवी नियमावली लिहिण्याचा विचार १९९५ मध्ये सुरू झाला, त्यामागे पेरू आणि सुरत या दोन्ही घटनांचा वाटा आहे.

इतिहासाच्या बाई

मी अमळनेरला शाळेत इतिहास शिकवत होते, आता निवृत्त आहे. या विषयाची मुळे तुम्ही म्हणता त्याहून बरीच जुनी आहेत. १८५१ मध्ये पॅरिसला बारा देशांची पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली, ती कॉलऱ्यामुळे. तिथे प्रत्येक देशाला दोनच चिंता होत्या, रोग आपल्याकडे येऊ नये आणि व्यापार थांबू नये. रोग्याची चिंता तिथे कोणाच्या तोंडी फारशी नव्हती.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग उतरला आणि १८९७ च्या व्हेनिस परिषदेत तो मुख्य विषय झाला. युरोपातल्या सरकारांच्या दडपणाखाली ब्रिटिश सरकारने त्या वर्षी मुंबई बंदरातून हज यात्रेकरूंची रवानगी थांबवली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत आलेला साथरोग कायदा आपण २०२० मध्येही वापरत होतो. म्हणजे १८९७ मध्ये मुंबईचा सामान्य माणूस एका बाजूने पोलिसी तपासणीत आणि दुसऱ्या बाजूने युरोपच्या भीतीत सापडला होता, आणि त्याच्या वतीने परिषदेत बोलणारे कोणी नव्हते, कारण तिथे हिंदुस्थानची बाजू मांडायला इंग्रज अधिकारी बसले होते. तेव्हापासून पाहिले तर नियम बहुतांशी रोग ज्यांच्याकडून येतो त्यांना बांधण्यासाठी लिहिले गेले, आणि रोग ज्यांच्याकडे जाईल त्यांनी ते लिहिले. आजचा कागद या वंशातलाच आहे, हे विसरू नये.

केळीबागवाला

ताई, उत्तम माहिती. मी रावेरचा, आमची केळी आखातात जातात. माझा प्रश्न अगदी व्यवहारातला आहे. माणसांची साथ आली म्हणून केळीचा कंटेनर बंदरात अडकून पडला आणि माल काळा पडला, तर कलम ४३ माझ्या काही कामाचे आहे का? त्यात मालाचाही उल्लेख आहे म्हणून विचारतो.

पांझराकाठचा वकील

@केळीबागवाला भाऊ, तुमच्या हाती थेट काही नाही. ती नियमावली देशादेशांमधली आहे, व्यापाऱ्याला तिच्या आधारे दावा लावता येत नाही. तुमच्या वतीने भारत सरकार त्या देशाला विचारणा करू शकते, आणि संघटना त्याला बंदीचा पुनर्विचार करायला सांगू शकते. यापुढे तिच्या हाती काठी नाही.

रंगावलीकाठ

पण कोंबडीच्या बाबतीत काठी आहे ना? भारतच अमेरिकेकडून एका खटल्यात हरल्याचे वाचले होते.

पांझराकाठचा वकील

बरोबर, आणि हा खटला या धाग्याच्या अगदी मध्यभागी बसतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. नवापूरच्या वर्षभरानंतर, २००७ मध्ये, भारताने बर्ड फ्लू कळवणाऱ्या देशांकडून कोंबडी आणि तत्सम उत्पादनांची आयात बंद केली. या बंदीत सौम्य प्रकारचा बर्ड फ्लू कळवणारे देशही धरले होते. अमेरिकेने २०१२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. भारताची बंदी शास्त्रीय जोखीम तपासून घातलेली नाही, आंतरराष्ट्रीय मानकांशी जुळत नाही, आणि एका भागात रोग आढळला तरी दुसरा भाग रोगमुक्त असू शकतो हे ती मानत नाही, असा निकाल २०१४ मध्ये लागला आणि जून २०१५ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. पुढे हा वाद २०२३ च्या सप्टेंबरात दोन्ही देशांनी आपसांत मिटवला.

नामक्कलच्या अंड्यांवर जे घडले, तेच तत्त्व इथे भारताविरुद्ध वापरले गेले. रोग नवापुरात म्हणून नामक्कल का बंद, हा आपला प्रश्न होता. रोग अमेरिकेतल्या एका राज्यात म्हणून साऱ्या अमेरिकेतली कोंबडी का बंद, हा त्यांचा. आणि त्यांना उत्तर मिळाले, कारण व्यापाराच्या करारात निवाडा करणारी यंत्रणा बंधनकारक आहे.

गप्पिष्ट नाना

म्हणजे कोंबडीला न्यायालय आहे आणि माणसाला विनंतीअर्ज. पुढच्या साथीत दक्षिण आफ्रिकेने आपले नागरिक अंड्यांच्या क्रेटमध्ये घालून पाठवावेत, कोणी अडवले तर खटला तरी उभा राहील.

सातपुड्याची आरोग्यसेविका

नाना, हसू आले तरी हा विनोद कडू आहे.

मी शहादा भागात लसीकरणाचे काम केले आहे, म्हणून मदतीच्या कर्तव्याविषयी लिहिते. २०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्याकडे खाटा नव्हत्या, प्राणवायू नव्हता, आणि लसीकरण केंद्रावर सकाळी आलेल्या माणसांना दुपारी परत पाठवावे लागत होते. त्या वेळी पुण्यात बनणारी लस परदेशी जाण्याचे थांबले याबद्दल मला खंत वाटत नाही. आपल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरच्या म्हातारीला पहिली मात्रा मिळालेली नसताना ती लस दुसऱ्या खंडात गेली पाहिजे, असे कर्तव्य कोणी लिहिले असेल तर ते मला पटत नाही. सरकारचे पहिले उत्तरदायित्व त्याच्या नागरिकांकडे असते.

नैरोबीचा चाळीसगावकर

आरोग्यसेविका ताई, तुमच्या कामाविषयी पूर्ण आदर ठेवून विरोध नोंदवतो. मी बरीच वर्षे केनियात आहे. मार्च २०२१ च्या सुरुवातीला इथे कोव्हॅक्समार्फत, म्हणजे गरीब देशांना लस पोचवणाऱ्या जागतिक योजनेमार्फत, लसीच्या १० लाखांहून थोड्या अधिक मात्रा आल्या, त्या पुण्याच्याच होत्या. विमानतळावरची छायाचित्रे पाहून आम्हा इथल्या मराठी लोकांना अभिमान वाटला होता. त्यानंतर निर्यात थांबली आणि पहिली मात्रा घेतलेले आरोग्य कर्मचारी दुसऱ्या मात्रेची वाट पाहत राहिले. कोव्हॅक्सला भारतातून पुन्हा लस मिळू लागली ती नोव्हेंबरच्या अखेरीस. आफ्रिकेतल्या अनेक देशांनी आपला सगळा भरवसा एकाच कारखान्यावर ठेवला होता, कारण श्रीमंत देशांनी उरलेल्या कारखान्यांच्या मात्रा आधीच विकत घेऊन ठेवल्या होत्या. तुम्ही थांबवलीत तेव्हा पाड्यावरची म्हातारी तुमच्या डोळ्यांपुढे होती हे समजते. पण तशीच म्हातारी इथल्या तुर्कानाच्या वाळवंटातही होती.

सातपुड्याची आरोग्यसेविका

मान्य. पण माझा आक्षेप कायम आहे. दोष द्यायचा तर लोकसंख्येच्या कितीतरी पट मात्रा राखून ठेवणाऱ्यांना द्या, लांबवर रांगेत उभे असलेल्या आमच्यासारख्यांना नाही.

पांझराकाठचा वकील

कायद्याने पाहिले तर दोघांच्या म्हणण्याला तेथे जागा आहे, हीच अडचण आहे. व्यापार करार निर्यातीवर बंदी घालू देत नाही, पण देशात अत्यावश्यक वस्तूंची गंभीर टंचाई असेल तर तात्पुरती बंदी चालते. त्यामुळे भारताचे ते पाऊल कायद्यात बसवता येते. कोव्हॅक्सचा पुरवठा कारखान्याशी झालेल्या कराराने चालत होता, देशाने देशाला दिलेल्या वचनाने नव्हे.

भारताने या प्रश्नाची दुसरी बाजूही मांडली होती, हे नोंदवायला हवे. २ ऑक्टोबर २०२० रोजी भारत आणि दक्षिण आफ्रिकेने कोविडच्या लसी, औषधे आणि उपकरणे यांवरचे बौद्धिक संपदेचे हक्क काही काळ स्थगित ठेवावेत असा प्रस्ताव व्यापार संघटनेत आणला. त्यावर १७ जून २०२२ रोजी जो निर्णय झाला, तो फक्त लसींच्या पेटंटपुरता होता, आणि तोवर लसींची टंचाईच संपली होती.

बिगारी कामगार

आमची अक्कल एवढीच, भाऊ. बठ्ठं बरोबर शे, पण मदत करणं सक्तीचं नसेल तर दुसऱ्या लाटेत परदेशांतून प्राणवायूची यंत्रं आली ती कशी?

पांझराकाठचा वकील

सदिच्छेने आली, कर्तव्य म्हणून नाही. त्याच लाटेत, २०२१ च्या मे महिन्यात, ऑस्ट्रेलियाने भारतातून परतू पाहणाऱ्या आपल्याच नागरिकांना तुरुंगवासाची तंबी दिली होती. वास्तविक स्वदेशी परतण्याचा हक्क मनमानीने हिरावून घेऊ नये, असे नागरी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात लिहिलेले आहे आणि ऑस्ट्रेलिया त्या कराराचा पक्षकार आहे.

रंगावलीकाठ

अवांतर: नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये आहे, हे सर्वांना ठाऊक असेलच. आपल्याकडे सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, बंदरातले विलगीकरण केंद्राचा, आणि एका राज्यातून दुसऱ्यात पसरणाऱ्या रोगाला आळा घालणे दोघांचा. फलाटाच्या एका टोकाला शिंकलेल्या माणसाची नोंद कोणी करायची, हा प्रश्न आम्हाला जिनिव्हातल्या जागतिक आरोग्य संघटनेशिवायही पडतो.

तिरकस

त्यासाठी फलाटाच्या मध्यावर एक आंतरराष्ट्रीय नियमावली टांगावी. बाकड्यावर बसणारे ती वाचतील तरी.

इतिहासाच्या बाई

विषयाकडे परत येऊ. आतापर्यंत रोगाची माहिती कळवण्यावर बोललो, पण रोगजंतूंचे नमुने देण्याचे काय? २००७ मध्ये इंडोनेशियाने एच५एन१ चे नमुने जागतिक आरोग्य संघटनेला देणे थांबवले. आमच्या रुग्णांकडून विषाणू घ्यायचा, त्यावर दुसऱ्या देशातल्या कंपनीने लस बनवायची आणि ती आम्हालाच न परवडणाऱ्या दरात विकायची, हे चालणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. तेव्हा त्यांच्यावर मोठी टीका झाली, परंतु २०११ मध्ये इन्फ्लुएन्झापुरती एक चौकट तयार झाली, जिच्यात नमुन्यांच्या बदल्यात लाभ देण्याचे तत्त्व मान्य झाले. मला वाटते, आजवर गरीब देशांच्या हाती लागलेले हे सर्वांत बळकट साधन आहे. ते कर्तव्याच्या आवाहनाने मिळाले नाही, अडून बसल्याने मिळाले.

पांझराकाठचा वकील

बाईंनी नेमकी नस पकडली. २० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने जो महासाथ करार स्वीकारला, त्याचा गाभा हाच आहे. आदल्या दिवशी समितीत मतदान झाले तेव्हा १२४ देश बाजूने, विरोधात एकही नाही, ११ तटस्थ. त्यात ठरले की, या व्यवस्थेत सहभागी होणाऱ्या उत्पादकांनी महासाथीच्या काळात प्रत्यक्ष बनणाऱ्या लसी, औषधे आणि चाचणी संचांपैकी २० टक्के जागतिक आरोग्य संघटनेला उपलब्ध करून द्यावेत असे लक्ष्य राहील, आणि एकूण उत्पादनाच्या किमान १० टक्के फुकट. नमुने आणि लाभ यांचा तपशील मात्र वेगळ्या परिशिष्टावर सोपवला. ते परिशिष्ट मंजूर झाल्यावर करार सह्यांना खुला व्हायचा, आणि ६० देशांनी मान्यता दिल्यावर लागू व्हायचा.

सजग नागरिक

हे सगळे ठीक आहे, पण उद्या जिनिव्हातले अधिकारी जळगावात टाळेबंदी लावतील, त्याचे काय? आपले सार्वभौमत्व अशा करारांनी गहाण पडते.

पांझराकाठचा वकील

करारात स्पष्ट लिहिले आहे की, संघटनेच्या सचिवालयाला कोणत्याही देशाचे कायदे बदलण्याचा, प्रवासबंदी, लसीकरण किंवा टाळेबंदी लादण्याचा अधिकार यातून मिळत नाही. माझी तक्रार नेमकी उलट आहे. सार्वभौमत्व इतके सांभाळले आहे की कर्तव्य मोडणाऱ्याला जाब विचारण्याची सोयच राहिलेली नाही. ज्याला पटत नाही तो बाहेरही पडू शकतो. अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये नियमावलीतल्या २०२४ च्या दुरुस्त्या नाकारल्या, आणि संघटनेतून बाहेर पडण्याचा आदेश तर त्याच वर्षीच्या जानेवारीतच काढला होता.

उधन्याचा खान्देशी

लपवणाऱ्यावर खटला भरता येत नाही का? चीनवर कोणीतरी भरला होता ना?

पांझराकाठचा वकील

अमेरिकेतल्या मिसूरी राज्याने भरला. चीन हजरच राहिला नाही, आणि मार्च २०२५ मध्ये सुमारे २४ अब्ज डॉलरचा एकतर्फी निकाल लागला. वसुली हा पुढचा प्रश्न आहे, आणि परक्या सरकारला स्वतःच्या देशातल्या न्यायालयात खेचणे बहुतेक देश मान्य करत नाहीत. आपल्या हद्दीतून दुसऱ्याला अपाय होऊ देऊ नये, धोका ठाऊक असेल तर इशारा द्यावा, ही तत्त्वे आंतरराष्ट्रीय कायद्यात जुनी आहेत. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या १९४९ च्या कोर्फू सामुद्रधुनीच्या निकालात, आपल्या पाण्यातल्या सुरुंगांची सूचना न दिल्याबद्दल अल्बानियाला जबाबदार धरले होते. पण साथीच्या प्रकरणात ते तत्त्व लावायला दोन्ही बाजूंना मान्य असे न्यायासन हवे.

रंगावलीकाठ

आता माझे मत मांडतो. नवापुरात कोंबड्या मारल्या तेव्हा सरकारने मालकांना भरपाई दिली. रक्कम पुरेशी होती का, यावर आमच्याकडे आजही वाद होतात, पण भरपाई देण्यामागचा हिशेब सरळ होता. ती नसती तर पुढच्या वेळी शेतकरी मेलेली कोंबडी गुपचूप पुरेल आणि रोग शेजारच्या शेडमध्ये जाईल. म्हणजे एका देशाच्या आत आपण कळवणाऱ्याचे नुकसान भरून काढणे हा रोगनियंत्रणाचाच भाग मानतो. देशादेशांमध्ये तीच गोष्ट गायब आहे. कळवण्याची मुदत तासांत मोजली आहे, आणि कळवल्याने होणाऱ्या नुकसानाविषयी कायदा मूग गिळून बसला आहे. कळवण्याचे कर्तव्य खरोखर पाळले जावे असे वाटत असेल, तर कळवणाऱ्या देशाला भरपाई मिळण्याची तरतूद त्या कर्तव्याइतकीच बंधनकारक असली पाहिजे.

सातपुड्याची आरोग्यसेविका

याला पूर्ण अनुमोदन. गावपातळीवरही हेच पाहते. क्षयरोग सांगितला तर काम जाईल, अशी भीती असलेला माणूस सांगत नाही.

नैरोबीचा चाळीसगावकर

कल्पना चांगली आहे, पण पैसा कोणाचा? जागतिक बँकेने २०१७ मध्ये साथींसाठी रोखे विकून एक निधी उभा केला होता. काँगोच्या इबोलात त्याच्या विमा भागातून काही मिळाले नाही, कारण रोग दुसऱ्या देशात पसरून तिथे किमान वीस मृत्यू व्हावेत अशी अट होती. कोविडमध्ये एप्रिल २०२० मध्ये सुमारे १९.६ कोटी डॉलर मिळाले, तोवर रोग जगभर पोचला होता. मृत्यू मोजून पैसे देणारा निधी कळवण्याला उत्तेजन देत नाही.

पांझराकाठचा वकील

म्हणूनच पैसे मृत्यूवर नव्हे, बंदीवर ठरवावेत. कलम ४३ खाली कारण न देता, किंवा दिलेले कारण शास्त्रात बसत नसताना जो देश बंदी घालतो, त्याने भरपाईच्या निधीत रक्कम भरावी. २०२४ च्या दुरुस्त्यांनी नियमावलीत आर्थिक समन्वयाची एक यंत्रणा आणली आहे. ती सध्या देशांची सज्जता आणि प्रतिसाद यांसाठी पैशाची वाट शोधण्यापुरती आहे, पण असे काम सोपवायला जागा तयार झाली आहे.

रंगावलीकाठ

मग भारताने २००७ मध्ये घातलेल्या कोंबडीबंदीसारखी बंदी उद्या माणसांवर घातली, तर भारतानेही पैसे भरावेत, हे मान्य आहे का?

पांझराकाठचा वकील

मान्य आहे. भारताने पीतज्वराच्या बाबतीत, एखाद्या देशाच्या एका भागात रोग कळवला गेला तरी सारा देश बाधित धरण्याचा हक्क नियमावली स्वीकारतानाच राखून ठेवला आहे. सुरुवात तिथूनच करता येईल.

नैरोबीचा चाळीसगावकर

पीतज्वराच्या लसीची नोंद असलेल्या त्या पिवळ्या पुस्तिकेवाचून मला दरवेळी चाळीसगावला येता येत नाही, त्यामुळे या सूचनेला माझे दुहेरी अनुमोदन.

केळीबागवाला

मला मात्र हे मान्य नाही. आपल्याकडे पीतज्वर पसरवणारे डास आहेत आणि रोग अजून आलेला नाही, तेव्हा ती बंदी शास्त्रात बसते. तिला आणि ओमिक्रॉनच्या प्रवासबंदीला एकाच मापाने मोजायचे असेल, तर माप कोण धरणार हे आधी ठरवा, भरपाईचे मग बघू.